खाजणातला पाया

करावे, २० नोव्हेंबर १९८३

दादूस,

नमस्कार लिहिणार नाही. तुझं पत्र काल आलं. बाबांनी ओसरीवर बसून ते माझ्याकडूनच वाचून घेतलं. ठेकेदार सिताराम होता, शेजारचे दोघं-तिघं होते. मी वाचत गेले आणि मधेच ते वाक्य आलं, 'वैजूला सांगा, अभ्यासात लक्ष दे, बांधकामात बायकांनी पडू नये.' थांबले तर बाबा म्हणाले, "वाच ना पुढं." वाचलं. मस्कतला बसून माझ्याच तोंडानं मला गप्प केलंस. सिताराम गालातल्या गालात हसत होता.

तुला त्यानं काय कळवलंय ते मला ठाऊक नाही. झालं ते असं. खाजणातल्या आपल्या तुकड्यावर त्यानं पाया खणायला घेतला. पुढचे खांब जुन्या बांधावर येतात. बांध पणजोबांच्या वेळेपासून दबून घट्ट झालाय, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. मागचे खांब मात्र सगळे खाजणात. वर हातभर मुरमाचा भराव, खाली नुसता खाडीचा चिखल. महिन्यापूर्वी एकदा कॉलेजातून आले ती तशीच मागच्या खड्ड्यात उतरले. एक सळई पडली होती, ती उभी धरली आणि दाबली. ठोकली नाही दादूस, नुसती दाबली. लोण्यात सुरी जावी तशी गेली. शेवटी टोक तेवढं मुठीत राहिलं.

सितारामला दाखवलं तर मजुरांसमोर म्हणतो, "इंजिनीअरीनबाई, हा चिखल आपले बापजाद्यांना वलखतो. तुमी पुस्तक वाचा."

पुस्तकच वाचते मी. या वर्षी आम्हाला जिऑलॉजी आहे. वर्गातली मुलं त्याला 'दगडांचा तास' म्हणतात आणि हजेरी लावून कँटीनला पळतात. सिव्हिलवाल्याला सिमेंट कळलं की झालं, दगडमाती कशाला, असं सगळ्यांचं मत. मीही आधी तसंच समजत होते. मग कारखानीस सरांनी आम्हाला पारसिकच्या डोंगरात नेलं. (मुलींची सोय नाही म्हणून मला वगळणार होते. "एकच मुलगी आहे, तिची सोय ती बघेल," असं म्हणून सरांनी नेलं. दगडाच्या खाणीत अख्खा दिवस पाणी न पिता काढला, ही माझी सोय.) तिथं कापलेल्या कड्यावर लाव्हाचे थर एकावर एक दिसतात आणि दोन थरांच्या मधे तांबड्या मातीचा पट्टा. तिथून पाणी झिरपत होतं. सर म्हणाले, "वरून डोंगर एकसंध दिसतो. कापल्याशिवाय कळत नाही कुठं काय आहे." मग खाडीकडे बोट केलं. हाच काळा दगड तिकडे खाली खाली गेलाय आणि त्याच्यावर हजारो वर्षांचा गाळ बसलाय. दादूस, मी जन्मल्यापासून तो डोंगर आणि ती खाडी बघतेय. दोन्ही एकच आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून सरांना आपल्या पायाबद्दल विचारलं. ते एका रविवारी स्वतः आले, माती काढायचं मोठं गिरमिट घेऊन. फुकट भोक पाडून बघणार होते. बाबांनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. "असाच एक आलता," म्हणाले, "सिडकोचा, साखली घेऊन. आधी मापला, मंग नेला. सगली जमीन गेली, ह्यो येक तुकडा हाय. त्याला कोन हात लावनार नाय." सर समजावत होते, तोवर बाबांनी ते गिरमिट उचलून खाडीत फेकलं. चिखलात पाय रोवत सर ते काढायला गेले. मी बांधावर उभी राहून बघत होते. असं मेल्याहून मेल्यासारखं मला कधी झालं नव्हतं.

एवढंच कर. पैसे तू पाठवतोस, तूच सितारामला लिही, थांब म्हणून. चिखलाखालच्या दगडापर्यंत खांब न्यावे लागतील. न्यायचे नसतील तर तिथं भाजी लावू. पण तीन मजले नको.

वैजू


करावे, ४ मार्च १९८४

दादूस,

मला उत्तर नाही. सितारामला मात्र दोन पत्रं. 'पोरगी लहान आहे, मनावर घेऊ नकोस' असं तू लिहिलंस म्हणे. त्यानं नाक्यावर सगळ्यांना वाचून दाखवलं.

दुसरा स्लॅब ओतून झाला. आई रोज संध्याकाळी कळशीनं पाणी मारायला जाते. भिंतीला अंघोळ घालते म्हणते. बाबांनी नाव ठरवलंय, 'विमल निवास'. आई लाजली.

जानेवारीत जमिनीसाठीच्या मोर्च्यावर पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं गेली, ते तुला तिकडे कळलंच असेल. बाबाही गेले होते मोर्च्याला. परत आले ते दोन दिवस जेवले नाहीत. उठून त्या बांधकामावर जायचे आणि विटांवर हात ठेवून बसायचे. बाबांचा राग मला कळतो दादूस. चिखलाला कळत नाही.

आणि तू सितारामला लिहिलंस म्हणे, दोन स्लॅब ओतले तरी काही झालं नाही ना? तीच तर खोड आहे त्या चिखलाची. तो लगेच दगा देत नाही. त्यात पाणी भरलेलं असतं, वर वजन आलं की ते हळूहळू पिळून निघतं. वर्ष घेईल, दोन घेईल. पुढची बाजू बांधावर, ती जागची हलणार नाही. मागची बसत जाणार. मधे काय होईल ते सांगायला इंजिनीअर लागत नाही.

परीक्षा जवळ आली. अभ्यास करतेय, तुझ्या आज्ञेप्रमाणे.

वैजयंती


करावे, १९ ऑगस्ट १९८४

दादूस,

शेवटी मला पत्र लिहिलंस. बरं झालं. 'मी बापाशी भांडलो नसतो तर तू आज चुलीपुढं असतीस.' खरं आहे. तू भांडलास. मला कॉलेजात घालून विमानात बसलास. मी ते विसरले नाही आणि तू विसरू देणारही नाहीस. पण मग कशाला शिकवलंस मला? फोटो काढून मस्कतच्या भिंतीवर लावायला? शिकवलंस तर शिकलेलं ऐक.

जूनपासून भाडेकरू आलेत. तळमजल्यावर दोन कुटुंबं, वर साताऱ्याचे नंदकिशोर आणि मीना. तो कारखान्यांच्या पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत आहे, रंगानं हात पिवळे असतात. त्यांची मुलगी रांगते.

जिन्याशेजारच्या भिंतीला तडा गेलाय. सरळ नाही, तिरका, पायऱ्या पायऱ्यांनी विटांच्या सांध्यातून वर चढत गेलेला. सितारामनं त्यावर गिलावा फिरवला आणि 'उन्हानं झालं' म्हणाला. श्रावणात ऊन! मी सरांनी शिकवल्याप्रमाणे तड्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवली. भिंत हलत नसेल तर काच तशीच राहते. आठवड्याच्या आत तडकली. दुसरी लावली, तीही. तिसरी बाबांनी उपटून टाकली. "लोकांना घाबरवतंस," म्हणाले, "लोका जातील."

जाऊ देत ना! जावेत म्हणूनच लावली होती.

मीनाच्या घरात मुलीनं चेंडू सोडला की तो आपोआप मागच्या भिंतीकडे जातो. ती हसते. मीनासुद्धा हसते. मला हसू येत नाही.

यंदा सुकट पाठवली नाही. आईचा हात थोडा दुखतो. बाकी बरी आहे.

वैजू


माटुंगा, लेडीज हॉस्टेल, २८ ऑक्टोबर १९८४

दादूस,

पत्ता बघितलास ना. बाबांनी घराबाहेर काढलं. सिताराम तुला सांगेलच, पण त्याच्या आधी मी सांगते आणि या वेळी काही गाळणार नाही.

आईचा हात दुखत नव्हता. मोडला होता. जुलैत ती मीनाच्या ताप आलेल्या पोरीला पेज घेऊन जिना चढत होती. जिन्याचा कठडा भिंतीपासून सुटला होता, तिनं आधाराला धरला आणि कठड्यासकट खाली आली. मनगट दोन ठिकाणी मोडलं. अजून मूठ वळत नाही. बाबांनी मला तुझीच शपथ घातली, 'त्याला परदेशात टेन्शन नको.' म्हणून मी 'थोडा दुखतो' लिहिलं. तुझ्या टेन्शनपायी आईच्या हाडाची बातमी लपवली. आता घे.

गणपती होऊन गेले तशी मी प्रत्येक बिऱ्हाडाच्या दारात गेले आणि सांगितलं, निघा. तळमजल्यावरच्यांनी दार लावून घेतलं. मीना माझ्यावरच चिडली.

"तुमचंच घर आणि तुम्हीच घाबरवताय? कुठं जायचं आम्ही? सिडकोच्या घरासाठी नंबर लागायला किती वर्षं जातील!"

"मीनाताई, मागची बाजू खचतेय."

"मग तुमच्या वडलांना सांगा. ते तर म्हणतात पोरीला शिकून वेड लागलंय."

तेवढ्यात बाबा आले. माझा दंड धरून मला खाली ओढायला लागले. खालच्या पायरीवर आई उभी होती, हात गळ्यात बांधलेला. ती बाजूला झाली नाही. बाबांना म्हणाली, "सोडा तिला." आणि तिथंच जिन्यात बसली. दादूस, तू आईला कधी मोठ्यानं बोलताना ऐकलंयस? मी नव्हतं ऐकलं. वरखाली सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "निंगा रं बालांनो. माजे नावाचा घर हाय ना? मंग मी सांगतंय. माजे घरान मी कोनाला मराला ठेवनार नाय."

मीना रडायला लागली. दिवाळीच्या आत सगळे गेले. नंदकिशोरला शिरवण्यात खोली मिळाली, सामान हलवायला आईनेच हातगाडी ठरवून दिली.

बाबांनी सगळा राग माझ्यावर काढला. मला म्हणाले, "तू माजे घराची नाय." कारखानीस सरांच्या चिठ्ठीवर हॉस्टेलला जागा मिळाली.

आता तुझ्या 'विमल निवास'मध्ये कुणी नाही. तू चीड. मी तुझ्या आधीपासून चिडलेली आहे.

वैजयंती पंढरी म्हात्रे
(पूर्ण नाव लिहिलं. त्या घराची नाही म्हणतात, म्हणून मुद्दाम.)


माटुंगा, २२ एप्रिल १९८५

सगुणा,

तू मला ओळखत नाहीस. मी हिरामणची धाकटी बहीण, तुझी होणारी नणंद. आमची गोजराआत्या तुझ्याच बोनकोड्यात दिलीय, तिच्या हाती हे पाठवतेय. तुला वाचता येतं असं ती म्हणाली. एकटी असताना वाच.

दादूसला लिहिणं मी सोडलं. माझी शेवटची तीन पत्रं त्यानं न फोडता परत पाठवली. आता तो लग्नाला आलाय आणि गावात मला बोलावणं नाही. त्याचं दुःख तुझ्यापाशी मांडत नाही.

लग्नानंतर तो तुला खाजणातल्या त्या इमारतीत, वरच्या मजल्यावर नेणार आहे. गावाला दाखवायला, की बघा, घराला काही झालेलं नाही, बहीणच खोटी. गाव मला विचारतंच, 'कुठं पडला गो तुजा घर?' सहा महिने झाले, उभं आहे. माणसं काढली म्हणून वजन कमी झालं, उन्हाळ्यात पाणी खाली गेलं, म्हणून उभं आहे. पावसाळ्यात चिखल पुन्हा फुगेल.

माझं ऐकू नकोस. घर तू स्वतः बघ. जिन्याजवळ दारं लागतात का ते बघ. परातीत पाणी घालून वरच्या खोलीत मधोमध ठेव आणि ते कुठल्या काठाला जास्त चढतं ते बघ. सासरी नवी सून तोंड उघडत नाही, मला कळतं. माझ्या आईला तोंड उघडायला तीस वर्षं लागली. तू तेवढी थांबू नकोस.

दादूस वाईट नाही. हे लिहायचं नव्हतं, पण तुला त्याच्याबरोबर राहायचंय म्हणून लिहिते.

तुझी,
वैजयंती


माटुंगा, ९ जुलै १९८५

दादूस,

हे तरी फोड.

सगुणावहिनी माहेरी गेली. मी तिला फूस लावली असं तू म्हणतोस म्हणे. मी तिला फक्त परात सांगितली होती. तिनं ती रोज ठेवली. पाणी रोज जरा जास्त कलायचं, म्हणून तिनं काठावर कुंकवाची खूण केली आणि तुला दाखवली. तू परात लाथाडलीस. आत्यानं सांगितलं सगळं.

आता तू त्या घरात एकटा झोपतोस. माणसं तर तुला बघून हसतही नाहीत आता, बाजूनं जातात. कुणाला काय सिद्ध करतोयस? मला? मी पाहिजे तर गावदेवीपुढं सांगते, माझं चुकलं, घर पक्कं आहे, सिताराम शहाणा आहे. काय पाहिजे ते वदवून घे. फक्त बाहेर ये. तुझ्यावर रागावण्याचा हक्क मला म्हातारपणापर्यंत पाहिजे, मूर्खा.

बोनकोड्याला जा. वहिनीशी भांड, तिला शिव्या दे, पण जा.

वैजू


करावे, १५ सप्टेंबर १९८५

दादूस,

मस्कतच्या जुन्याच पत्त्यावर लिहितेय. तू मला न भेटता गेलास. घर पडल्यावर चार दिवस गावात होतास, मी त्याच गावात होते, आणि तू मागच्या वाटेनं एसटीला गेलास. याचा राग घराच्या रागापेक्षा मोठा आहे.

तू काय पाहिलंस, काय नाही, मला ठाऊक नाही, म्हणून सगळंच लिहिते. तू बोनकोड्याला वहिनीशी भांडायला गेलास त्या दुपारी मागचे खांब बसले. आवाज फार झाला नाही म्हणतात. आधी जिना सुटला, मग मागची अर्धी बाजू गुडघे टेकावेत तशी खाली आली. पुढचा भाग बांधावर उभाच आहे. तुझी खाट चिखलात होती.

संध्याकाळी हॉस्टेलच्या फाटकावर वॉचमन ओरडला, 'म्हात्रे, व्हिजिटर.' बाबा होते. गुडघ्यापर्यंत चिखल. खाडीपुलापलीकडे माझ्यासाठी ते कधी आले नव्हते. मला बघून नुसतं म्हणाले, "बसली. मागची बाजू बसली." मी विचारलं, "कोण होतं आत?" ते म्हणाले, "कोन नाय." मग फाटकाचा गज धरला. म्हणाले, "घरी चल." माफी नाही, काही नाही. मी पिशवी भरली आणि गेले.

मला वाटलं होतं, खरं ठरल्यावर राग उतरेल. नाही उतरला. सिताराम गावभर सांगतोय, गावदेवीचा कोप झाला, नाहीतर काम चोख होतं. लोक ओटी भरायला गेले. मातीचं नाव कुणी काढत नाही. आणि तुझ्या नशिबाचं कौतुक चाललंय! वहिनी माहेरी गेली नसती तर नशीब कुठे असतं, हे कुणी विचारत नाही.

वहिनी आता इथंच आहे, आईजवळ. तिला दिवस गेलेत, ते तिनं कळवलंच असेल. तिला तू लिहिलंस, 'वैजूला सांग, तिचं बरोबर होतं.' तिनं सांगितलं. पण मला असा निरोप नको. माझं बरोबर होतं हे मला माहीत आहे, ते ऐकून मी काय करू?

तुला काही करायचंच असेल तर हे कर. तळ्याकडचा दत्तू आठवतो ना, तुझ्या वर्गातला. त्यानं खाजणात, आपल्यापासून हाकेच्या अंतरावर, घर बांधायला काढलंय. चार मजले. ठेका सितारामकडेच. काल मी गेले होते. दत्तू म्हणाला, "तुमचे घरावर कोप झाला, आमचेवर कशाला व्हईल?" त्याची बायको पुतळावहिनी मधे काही बोलायला गेली, त्यानं तिला आत पाठवलं. मी पोरगी, त्यातून स्वतःच्या बापाच्या घराला अपशकुन करणारी. उद्या पुन्हा जाणार आहे, परवाही जाईन, पण माझं तो ऐकणार नाही.

तुझं ऐकेल. ज्याचं घर बसलं त्याचं ऐकतील. गावदेवीचं नाव न घेता लिही. मागचे खांब चिखलात होते, बहिणीनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, असं तुझ्या हातानं लिही. लाज वाटेल. वाटू दे.

मला पत्र नको. दत्तूच्या नावानं पाठव आणि आजच टाक. त्याचा खड्डा खणून झालाय.

वैजू